पडवीच्या चोवीस जाळ्या

सात दगडी जाळ्या उन्हात ओळीने उभ्या करून अलीम तासभर त्यांच्यासमोर बसला. मग उठला, बादलीभर पाणी आणून एकेकीवर मारलं आणि त्या वाळेपर्यंत पुन्हा बसला. वाळल्यावरही तेच. रंग जमला नव्हता.

भिंगारमध्ये अलीमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड, पाण्याचे दोन हौद आणि साच्यांनी भरलेली एक खोली. तिथे तो तीस वर्षं साच्यातला दगड करत होता. काळ्या दगडाची खडी फोडताना जो चुरा पडतो तो आणायचा, त्यात वाळू, सिमेंट आणि थोडा रंग कालवायचा, साच्यात ठोकून भरायचा. दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा आणि निघालेला तुकडा आठवडाभर हौदात पाण्याखाली ठेवायचा. खांबाच्या बैठकी, खिडकीच्या चौकटी, गच्चीचे कठडे, जाळ्या, सगळं त्याच्याकडे व्हायचं. लोक त्याला नकली दगड म्हणत. अलीमने कधी वाद घातला नाही. वाद घालायचं काम त्याच्या बायकोचं होतं. खातून तिचं नाव. ती नोव्हेंबरात गेली. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

साचे अलीमचे आणि माल खातूनचा, अशी त्यांची वाटणी होती. साच्यात आधी बोटभर जाडीचा बारीक माल भरतात. भिंतीत लागल्यावर तेवढाच दिसतो, म्हणून त्याला ते तोंडाचा माल म्हणायचे. मागून भरतात तो जाडाभरडा, तो कुणीही कालवावा. तोंडाचा माल सव्वीस वर्षं खातूनच कालवत आली होती. पिठाच्या चाळणीने चुरा चाळायची. वाळू तांदळासारखी चार पाण्यांत धुवायची. चिमूटभर माल भिजवून कौलावर फासायची आणि उन्हात वाळवून बघायची. अलीम म्हणायचा, माप लिहून ठेव. ती म्हणायची, "आमटीत मीठ किती घातलं ते कुणी लिहितं का?"

तिचा एक नियम मात्र पक्का होता. काम कितीही मोठं असो, त्याचा सगळा तोंडाचा माल एकाच दिवशी, एकाच ताडपत्रीवर कोरडा कालवायचा आणि प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या गोण्यांत बांधून ठेवायचा. लागेल तसा त्यातून काढायचा. "दोन वेळा कालवलेला माल सख्खा भाऊ असतो," ती म्हणायची, "पण जुळा नसतो."

हे चोवीस जाळ्यांचं काम देवळाली प्रवऱ्याच्या कल्याणचं होतं. कल्याण ऊसवाला, चाळिशीचा, बोलायला मोकळा आणि हौशी माणूस. जुनं घर पाडून त्याने बंगला बांधायला घेतला होता. पुढच्या पडवीला पश्चिमेकडून ऊन लागतं म्हणून तिथे जाळीची भिंत करायची होती, चार ओळी, एकेका ओळीत सहा जाळ्या. रंग जुन्या नगरच्या इमारतींसारखा हवा होता, काळा, पण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन किंचित तांबूस झालेला. खातून स्वतः जागा बघायला गेली. दुपारभर पडवीत बसून राहिली आणि ऊन कसं सरकतं ते बघत राहिली. कल्याणची आई केशरबाई तिथेच बसलेली होती. तिने खातूनला विचारलं होतं, "बाई, ह्यो तुमचा दगड खरा का खोटा?"

"आक्का, तुमची भाकरी खरी का खोटी?" खातूनने विचारलं. "शेतात ज्वारी येते. भाकरी लागलेली कुणी बघितलीय का?"

केशरबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. परत येताना खातूनने हे अलीमला तीन वेळा सांगितलं.

सतरा जाळ्या झाल्या आणि ती आजारी पडली. उरलेल्या सातांचा माल तीन गोण्यांत बांधून तिने घरात कॉटखाली सरकवून ठेवला होता. शेडला ओल असते, म्हणून घरात. गोण्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कधी पडली नव्हती.

ती गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी घरी माणसं येणार होती. फातेहा, जेवण, बाहेर हातपाय धुवायला गर्दी. मुलगा काशिफ, तिशीचा, बापाच्याच हाताखाली काम करणारा. आईच्या नावाने जे जे होईल ते नीट व्हावं म्हणून तो त्या दिवसांत धावत होता. नळापाशी चिखल होतो म्हणून दोन दिवस आधी त्याने तिथे ओटा घातला. पाहुण्यांनी ओट्याचं कौतुक केलं. आठवड्याने ओटा पुरता वाळला आणि अलीम नळावर तोंड धुवायला गेला तेव्हा त्याला तो रंग दिसला. काळा, किंचित तांबूस.

"काशिफ, हा माल कुठला?"

"घरातल्याच गोण्या होत्या ना अब्बा, कॉटखालच्या. उरलेलं सिमेंट असेल म्हणून..." काशिफ बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला.

अलीमने तोंड धुतलं आणि आत गेला. बापलेकांत त्यावर तेवढंच बोलणं झालं. दगड एकदा धरला की धरला. त्यातून माल परत काढता येत नाही.

मग अलीमने स्वतः माल कालवला. अकरा वेळा कौलावर फासून बघितला. चुरा त्याच खाणीचा, वाळू तीच, डबा रंगाच्या त्याच कंपनीचा. येणारा रंग निळसर करडा. शेवटी दिवस हातचे जाऊ लागले म्हणून त्याने सात जाळ्या भरल्या, आणि आता त्या समोर उभ्या होत्या. ठोकणी चांगली, कडा धारदार, कुठे बुडबुडा नाही. फक्त रंग दुसरा.

"जमलंय की अब्बा," मागून काशिफ म्हणाला.

"कुठे जमलंय? डोळे आहेत की गोट्या?"

काशिफ थोडा घुटमळला. "तसंही आता फरक दिसणार नाही. कल्याणरावांचा फोन आला होता. सातांचा रंग वेगळा आलाय हे मी सांगितलं. त्यांचा तो इंटीरियरवाला आहे ना, ओंकार, तो सगळ्या चोवीस जाळ्यांवर रंग मारून देणार आहे. दगडासारखा दिसणारा रंग येतो तसा. वास्तुशांत नऊ दिवसांवर आलीय. मी हो म्हटलं."

अलीम वळला. "कुणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला."

काशिफने मान खाली घातली. "माझ्यामुळे झालं ना सगळं. मला वाटलं, रंग लागला की विषय मिटेल."

"टेम्पो काढ," अलीम म्हणाला.

साती जाळ्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोत आडव्या लावल्या आणि दोघं निघाले. राहुरीच्या अलीकडे उसाच्या गाड्यांमागे टेम्पो अडकला तेव्हा काशिफने धीर केला.

"अब्बा, रंग मारला तरी रंगाखाली जाळ्या असणारच आहेत. कुठे जाणार नाहीत."

"तुझी अम्मी पण मातीखाली आहेच."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला तसंच म्हणायचंय. तिला एकदा माती दिली. आता दुसऱ्यांदा देणार नाही. पुढं घे, जागा झालीय."

बंगल्यासमोर टेम्पो उभा राहिला तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. पडवीत केशरबाई खुर्चीवर बसून वास्तुशांतीचे गहू निवडत होती. जाळीची भिंत उभी होती. वरच्या दोन ओळी पूर्ण. तिसऱ्या ओळीत पाच जाळ्या आणि टोकाला एक रिकामी चौकट. खालची ओळ सगळी रिकामी. गवंड्याने सतरा जाळ्या डिसेंबरातच बसवल्या होत्या, अलीमने त्या भिंतीत लागलेल्या बघितल्या नव्हत्या. उतरतं ऊन अजून यायचं होतं, तरी त्या दगडाने जो रंग धरला होता तो बघून तो फाटकातच थांबला.

मग त्याला वरच्या ओळीतली पहिली जाळी दिसली. ती पांढरीफटक होती.

शिडीवर ओंकार उभा होता. तोंडाला मास्क, हातात रंगाची बंदूक. अंगात महागाचा टी-शर्ट होता आणि त्यावर पांढरे शिंतोडे उडाले होते.

"बंद कर ते," अलीम म्हणाला.

"या या चाचा. अहो, प्रायमर आहे फक्त. यावर स्टोन फिनिश येणार. एकदम ओरिजिनल दगड वाटेल."

"दगडावर दगडाचा रंग मारतोस?"

"कास्ट स्टोन आहे ना चाचा. दगड कुठे..."

"खाली उतर."

आवाज मोठा नव्हता, पण ओंकार उतरला. अलीमने टेम्पोतून तारेचा ब्रश आणि बादली आणली, शिडीवर चढला आणि ती पांढरी जाळी घासायला लागला. प्रायमर पुरता वाळला नव्हता. पांढरं पाणी भिंतीवरून खाली ओघळलं, केशरबाईच्या खुर्चीपर्यंत आलं. तिने गव्हाचं सूप उचलून मांडीवर घेतलं आणि बघत राहिली.

ओंकारने फोन केला असावा. दहा मिनिटांत कल्याण आला. गाडीतून उतरतानाच ओरडला, "अलीमचाचा, हे काय चाललंय?"

"धुतोय."

"ते दिसतंय मला. काशिफ हो म्हणालाय रंगाला."

"काशिफने माल कालवला नव्हता."

"खाली या आधी. पडाल." कल्याणने शिडी धरली. अलीम उतरला. त्याच्या कोपरापर्यंत पांढरं पाणी आलं होतं.

"चाचा, घर माझं आहे ना?"

"तुमचं."

"भिंत माझी?"

"तुमची. जाळ्यासुद्धा तुमच्याच. त्यांना रंग लावू देणार नाही, एवढंच म्हणतोय."

"हे एवढंच का?" कल्याणला हसू आलं, पण ते लगेच गेलं. "नऊ दिवसांनी इथे चारशे पानं उठणार आहेत. सोयरे येणार, साखर कारखान्याची माणसं येणार. सतरा जाळ्या एका रंगाच्या आणि सात भलत्याच. लोक विचारतील, काय कल्याणराव, मध्येच माल संपला का? मी काय सांगू?"

"सांगा, माल कालवणारी बाई मेली."

केशरबाईचा गव्हातला हात थांबला. काशिफ टेम्पोला टेकून उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

कल्याणने आवाज खाली आणला. "चाचा, मला वाईट वाटतंच. मातीला मीही आलो होतो. पण गेलेल्या माणसासाठी कुणी घराचं तोंड बिघडवून घेत नाही."

"मग सतराच्या सतरा काढून द्या. मी नेतो. महिनाभरात चोवीस नव्या आणून देतो, सगळ्या एका रंगाच्या. त्यांना मग हिरवा लावा नाहीतर पिवळा."

"आणि वास्तुशांतीला पडवीला भगदाड?"

"पडदा लावा."

"कमाल आहे तुमची!" कल्याण आता खरोखर चिडला. "सिमेंटात बसवल्यात त्या, भेंडीची भाजी आहे का तोडून घ्यायला? एक अख्खी निघायची नाही. निघत असतील तर काढून दाखवा. असेल दम तर काढा."

त्याला वाटलं, बोलणं इथे संपलं. म्हातारा थोडा कुरकुर करील आणि सात जाळ्या उतरवून घरी जाईल.

"काशिफ, छिन्नी आण," अलीम म्हणाला. "आणि करवतीचं पातं."

काशिफ जागचा हलला नाही. अलीमने त्याच्याकडे एकदा बघितलं, स्वतः टेम्पोपाशी गेला आणि हत्यारांची पिशवी घेऊन आला. तिसऱ्या ओळीच्या टोकाला रिकामी चौकट होती, तिथून सुरुवात करणं सोपं होतं. जाळीच्या कडेचा सिमेंटचा सांधा त्याने छिन्नीने टोकरला, त्यात पातं घातलं आणि कापायला लागला. पातं अडकायचं, तो ते काढायचा, पाणी मारायचा, पुन्हा घालायचा. बासष्टाव्या वर्षी हे काम करायचं नसतं. त्याच्या श्वासाचा आवाज पडवीभर ऐकू येत होता.

पाऊण तासाने पहिली जाळी सुटली. अख्खी. त्याने ती छातीशी धरून उतरवली आणि गोणपाटावर ठेवली.

कल्याण अंगणात फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. ओंकार पायरीवर बसून केळं खात होता.

दुसऱ्या जाळीचा वरचा सांधा कापत आला तेव्हा भिंतीच्या पलीकडून दोन हात आले आणि त्यांनी जाळी तोलून धरली. काशिफ होता. जाळीच्या भोकांतून त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. अलीम म्हणाला, "डावीकडे ओढू नको. सरळ धर." तीही अख्खी निघाली.

तिसरी फुटली. सांधा आतून जास्त भरलेला होता, पातं तिथवर पोचलंच नव्हतं. अलीमने छिन्नीला एक टोला जास्त दिला आणि जाळी मधोमध तडकली. अर्धी काशिफच्या हातात राहिली, अर्धी पडवीच्या फरशीवर पडली आणि तिचे चार तुकडे झाले.

अलीम त्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने चौथ्या जाळीच्या सांध्यावर छिन्नी ठेवली.

"थांबा मिस्त्री," केशरबाई म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली, गुडघ्यांवर हात देत वाकली आणि एक तुकडा उचलला. उजेडाकडे धरून फुटलेली बाजू बघितली. सत्तरीची बाई, पण नजर चांगली होती.

"ह्यात दोन थर हायेत व्हय?"

"हो आक्का."

"आतला करडा. वरचा काळा. वरचा लई बारीक हाय, पिठावानी."

"वरचा बोटभर माझ्या बायकोचा. मागचा माझा."

"समद्या जाळ्यांत असंच?"

"सतरांत असंच. टेम्पोत सात आहेत, त्यांत दोन्ही थर माझेच."

केशरबाईने वरच्या थरावर नख घासलं. नखच घासलं गेलं. "म्हंजी ह्यो पोरगा रंग मारनार, तो तिच्यावर. तुमच्यावर न्हाई."

"हो."

"आन् तिला रंग लागू नये म्हनून तुमी तिलाच फोडताय."

अलीमने छिन्नी खाली घेतली नाही. "झाकलेली राहण्यापेक्षा फुटलेली बरी."

"लई हट्टी हायसा."

"ती माझ्याहून हट्टी होती."

"ठावं हाय. माझ्याशी बोलल्याली." केशरबाईने तो तुकडा खुर्चीवर ठेवला आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "कल्या! हिकडं ये."

कल्याण आला.

"पाव्हने किती येळ बसनार ह्या पडवीत?"

"आई, तू यात पडू नको."

"किती येळ, सांग की."

"बसतील तासभर."

"जेवतील, सुपारी खातील, नावं ठिवतील आन् जातील. मी हितं मरंपस्तोर बसनार हाय. रोज. मला ह्या रंगाचा वास नगं आन् समोर भगदाड बी नगं. मिस्त्री, काडलेल्या दोन हुत्या तशा परत लावा. तुमच्या सात बी लावा."

"आणि ही फुटलेली?" कल्याण म्हणाला. "ऐन मध्ये, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तिथे काय, पोतं बांधू?"

"एक करून आणतो," अलीम म्हणाला. "वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी लावून देतो."

"कोणत्या रंगाची?"

"जो येईल तो."

"म्हणजे तीन रंग!" कल्याणने कपाळाला हात लावला. "आधी दोन होते, आता तीन. करा बाबांनो, काय करायचं ते करा. मी बोलतच नाही आता."

"दादा, मग माझ्या मटेरियलचं काय?" ओंकारने पायरीवरून विचारलं.

"तू गोठ्याचं दार रंगव," केशरबाई म्हणाली. "म्हशींना दगड आवडतो."

काशिफला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. संध्याकाळपर्यंत बापलेकांनी काढलेल्या दोन जाळ्या परत बसवल्या आणि सातही लावल्या, एक तिसऱ्या ओळीच्या टोकाला आणि सहा खाली. काशिफने हळूच सुचवलं होतं की खालच्या ओळीपुढे कुंड्या ठेवता येतील. अलीम म्हणाला, "कशाला? चोरी केलीय का आपण?" वरची पहिली जाळी त्याने पुन्हा दोनदा घासली. तिच्या खाचांत थोडं पांढरं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी भिंगारला अलीमने शेडमध्ये ताडपत्री पसरली, साच्याला तेल लावलं आणि चुऱ्याची पाटी काशिफपुढे सरकवली.

"तू कालव."

"मी?" काशिफ दोन पावलं मागे सरला. "मला नाही जमणार अब्बा. तुम्हाला अकरा वेळा करून जमलं नाही."

"नाही जमलं. तरी सात केल्या ना? हात उचल."

काशिफ बराच वेळ उभा राहिला. मग त्याने घरातून पिठाची चाळणी आणली. वाळू धुवायला घेतली. अलीम मुद्दाम मोजत नव्हता, पण त्याच्या लक्षात आलं, पोराने पाणी पाच वेळा बदललं. कौलावर फासून बघायला मात्र तो विसरला, आणि अलीमने त्याला आठवण करून दिली नाही. साचा खोलला तेव्हा जाळी मातकट तांबडी निघाली, ओल्या विटेच्या जवळ जाणारी.

"ही नको," काशिफ घाईने म्हणाला. "टाकून देऊ. मी आज लगेच दुसरी भरतो, उद्या निघेल."

"कड फुटलीय का कुठे?"

"नाही."

"भोक बुजलंय?"

"नाही. पण रंग बघा ना अब्बा."

"बघितला. हौदात सोड तिला."

"लोक हसतील."

"आपल्याला हसतील. हसू दे. सोड."

काशिफने जाळी दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. पाणी स्थिर होईपर्यंत तो तिथेच वाकून उभा होता. नंतर त्याने बाहीने तोंड पुसलं. अलीम साचा धुवायला निघून गेला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ती जाळी भिंतीत बसली. दुसऱ्या दिवशी जेवणाचं बोलावणं होतं म्हणून दोघं पुन्हा देवळालीला गेले. मांडव, होमाचा धूर, पंगती. कारागिरांचा मान म्हणून कल्याणने अलीमला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, पण बोलला एखाददुसराच शब्द. राग अजून पुरता गेला नव्हता. केशरबाई नव्या लुगड्यात पडवीत बसलेली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला तिथेच बसवून घेत होती.

चारच्या सुमाराला ऊन पडवीवर आलं. जाळ्यांची नक्षी फरशीवर पडली आणि लोक उठून भिंतीपाशी यायला लागले. त्यांत सोनईकडचा एक बागायतदार होता, त्याचंही बांधकाम चालू होतं. त्याने वरच्या ओळीवर हात फिरवला, खाली वाकून सहा जाळ्या बघितल्या, मग मधल्या तांबड्या जाळीपाशी थांबला.

"कल्याणराव, काम झकास आहे. पण ह्या खालच्या चुकल्यात का हो? आणि ही मधली?"

कल्याणने घसा खाकरला. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा मांडवाकडे. "मिस्त्री इथेच आहेत," तो म्हणाला. "त्यांनाच विचारा."

अलीम पुढे झाला.

"चुकलेली एकही नाही," तो म्हणाला. "ह्या सोळांचा माल माझ्या बायकोने कालवला होता. ती नोव्हेंबरात गेली. सात माझ्या आहेत, जानेवारीतल्या. आणि ही मधली माझ्या मुलाची, ह्याची. पहिलीच आहे."

बागायतदाराने काशिफकडे बघितलं. काशिफने नजर खाली घेतली नाही.

"बरं, बरं," बागायतदार थोडा चाचरला. मग पुन्हा भिंतीकडे बघून म्हणाला, "मलाही करून घ्यायच्यात. पन्नासेक तरी लागतील. पण माझ्या सगळ्या एका रंगाच्या हव्यात बरं का मिस्त्री."

"मिळतील," अलीम म्हणाला. "सगळा माल आम्ही एकाच दिवशी कालवतो. आणि काम चालू असताना आमच्यातलं कुणी गेलं, तर मिळणार नाहीत. रंग मारून देणार नाही. पटत असेल तर सांगा, साचे दाखवतो."